तालुक्याचे गाव आणि विकासाचा प्रश्न

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिर्डीच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे राहाता हे गाव लागते. शिर्डीच्या ओढीने निघालेल्या प्रवाशाच्या लक्षातही ते राहत नाही. पेरूच्या पाट्या, बाजार समितीकडे वळणारी वाहने, तहसील कचेरीच्या आसपास कागदपत्रे घेऊन उभी असलेली माणसे एवढेच त्याला गाडीच्या खिडकीतून दिसते. परंतु महाराष्ट्राच्या प्रादेशिक विकासाचा प्रश्न ज्यांना समजून घ्यावयाचा असेल त्यांनी मुंबई-पुण्याची आकडेवारी चाळण्यापूर्वी अशा एखाद्या गावात चार दिवस काढलेले बरे. विकासाचा पैसा कोठून निर्माण होतो, तो कोठे साठतो आणि त्याच्या वापराविषयीचा निर्णय कोण घेतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे राहाता तालुक्यात वीस किलोमीटरच्या परिघात सापडतात.

हा तालुका १९९९ मध्ये निर्माण झाला. तत्पूर्वी राहाता आणि शिर्डी ही दोन्ही गावे कोपरगाव तालुक्यात होती. शेजारच्या तालुक्यांतील गावे काढून नवा तालुका बनविण्यात आला आणि राहात्याला तहसीलदार, पंचायत समिती व इतर कचेऱ्या मिळाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या घरात आहे. त्यात राहाता शहराचा वाटा वीस हजारांहून थोडा अधिक, तर शिर्डीचा छत्तीस हजारांचा. म्हणजे तालुक्याचे मुख्य ठिकाण हे तालुक्यातील सर्वांत मोठे शहर नव्हे. एके काळी स्थिती उलट होती. शिर्डी लहानसे खेडे होते आणि राहाता ही पेठ होती. साईबाबा राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपे आणून शिर्डीत लावीत, असा उल्लेख श्रीसाईसच्चरितात आहे. आज रोपांपासून रस्त्यांपर्यंत सारे शिर्डीच्या दिशेने वाहते.

या भूभागाची समृद्धी निसर्गाने दिलेली नाही. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या या पट्ट्यात इंग्रजी अमदानीत कालवे आले. दारणेचे पाणी नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या उजव्या-डाव्या कालव्यांत सुटले, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे बारमाही शेतीचा आधार बनले. पाण्यामागोमाग भांडवल आले. हरेगाव, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी येथे खाजगी कंपन्यांनी साखर कारखाने काढले आणि शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन हजारो एकरांचे ऊसमळे उभे केले. जमीन शेतकऱ्यांची, पाणी सरकारी, घाम मजुरांचा आणि नफा मुंबईचा, असा तो विकास होता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी कंपन्यांकडून सरकारकडे गेल्या व १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. मूळ खंडकरी शेतकऱ्यांना मात्र त्यासाठी दोन पिढ्या लढावे लागले. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्यांनी ती लढाई चिवटपणे चालविली आणि २०१२ पासून जमीनवाटपाला प्रत्यक्ष प्रारंभ झाला.

कंपन्यांच्या या विकासाला पहिले खरे उत्तर मिळाले ते लोणीला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठचे शेतकरी एकत्र केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. ही घटना लहान नव्हती. शेतकऱ्याने पिकविलेल्या मालाचे वाढीव मूल्य शेतकऱ्याच्याच परिसरात राहू शकते, हे तिने सिद्ध केले. पुढे त्याच पैशातून शाळा, तंत्रशिक्षण, रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय यांचा विस्तार झाला. प्रवरेच्या कारखान्याने जे निर्माण केले त्याचे मोल नाकारणे हा करंटेपणा ठरेल.

परंतु गाडगीळांसारख्यांच्या मनात सहकाराचे जे चित्र होते, त्याची एक बाजू अपुरीच राहिली. कारखान्याचा सभासद तो, ज्याच्याकडे ऊस आहे. ऊस त्याच्याकडे, ज्याच्याकडे जमीन व पाणी आहे. ऊसतोडणीला कोयता घेऊन बीड-पाथर्डीकडून येणारी जोडपी, मळ्यावरचा सालगडी, जिरायत पट्ट्यातला शेतकरी हे या लोकशाहीच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. कारखान्याच्या निवडणुका होतात, चुरशीने होतात. राहात्याजवळच्या गणेश कारखान्याची २०२३ मधील निवडणूक तर साऱ्या जिल्ह्याने श्वास रोखून पाहिली. पण त्या निवडणुकीत मत असते ते उसाच्या मालकाला. प्रादेशिक विकासाचा निर्णय मात्र उसाच्या मालकापुरता असू शकत नाही.

आता शिर्डीकडे पाहावे. तेथे पैसा भाविकांच्या श्रद्धेतून येतो. २००४ च्या कायद्यान्वये संस्थानाची व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमते. संस्थानाने रुग्णालये चालविली, भक्तनिवास बांधले, प्रसादालय उभारले. निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यांसाठी संस्थानाने राज्य सरकारला ५०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज द्यावे, असा निर्णय २०१८ मध्ये जाहीर झाला तेव्हा देवस्थानच्या पैशाची पोच कोठवर जाऊ शकते हे सर्वांना कळले. भाविकाने पेटीत टाकलेला रुपया दुष्काळी शिवारात पाणी होऊन पोचावा, ही कल्पना वाईट नाही. प्रश्न वेगळा आहे. हा निर्णय कोण घेते? तालुक्यातील किती ग्रामसभांत, किती नगरसेवकांसमोर, किती शेतमजुरांच्या बैठकीत त्याची चर्चा होते? देणगी देणारा दूरच्या प्रांतातला, समिती नेमणारे सरकार मुंबईत आणि विकास ज्यांचा व्हावयाचा ते प्रेक्षकांत, अशी ही रचना आहे.

राहात्याची नगरपालिका या दोहोंच्या मध्ये उभी आहे. तिच्याकडे ना कारखान्याचे गाळप, ना देवस्थानची पेटी. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि वरून येणारे अनुदान यांवर लहान नगरपालिकेचा संसार चालतो. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या बदल्यात अनुदान आले. जकात ही काही आदर्श करपद्धती नव्हती; नाक्यावरचा भ्रष्टाचार सर्वांनी पाहिला होता. परंतु स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा मार्ग गेला की स्वतःच्या निर्णयाचा अधिकारही क्षीण होतो, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणी बोलली नाही. वित्त आयोगाचा जो निधी येतो त्याचाही मोठा भाग पाणी व स्वच्छता यांसाठी आधीच बांधलेला असतो. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला गटारे आणि नळ यांपलीकडे गावाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करण्यास वावच उरत नाही.

या एका तालुक्याने महाराष्ट्राच्या विकासातील विसंगती उघडी केली आहे ती अशी: जेथे पैसा आहे तेथे सर्व जनतेची लोकसत्ता नाही आणि जेथे लोकसत्ता आहे तेथे पैसा नाही. लहान शहरांच्या दुर्बलतेचे मूळ येथे आहे. त्यांच्याकडे कर्तृत्व नाही, उद्योजक नाहीत, दृष्टी नाही, हे नेहमीचे स्पष्टीकरण वरवरचे आहे. ज्या पंचक्रोशीने आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना चालवून दाखविला, तिच्यात कर्तृत्वाचा दुष्काळ असल्याचे कोण म्हणेल?

घटनेने हा प्रश्न ओळखला होता. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नोंदविले. त्यांत नगररचना आहे, आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजनही आहे. जिल्हा नियोजन समितीने गावे व शहरे यांच्या योजनांची सांगड घालावी, असे घटना सांगते. समितीच्या सदस्यांपैकी चार-पंचमांश लोकनियुक्त प्रतिनिधींतून निवडलेले असावेत, हीही तरतूद आहे. महाराष्ट्रात या समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे आहे. परिणामी खालून वर जावयाची योजना बहुधा वरून खाली येते, आणि नगराध्यक्ष व सभापती हे योजनेचे कर्ते न राहता निधीचे याचक बनतात. त्यातही कळस झाला तो २०२१-२२ नंतर. राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या आणि सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये अखेर मतदान झाले. चार वर्षे लोकप्रतिनिधींशिवाय मुंबईचे विधिमंडळ चालविण्याची कल्पना कोणी केली असती काय? लहान शहराच्या बाबतीत ती सहज पचली, यातच या शहरांचे राजकीय वजन किती आहे ते दिसते.

केंद्राच्या योजनांची कथाही अशीच आहे. १९७९-८० मध्ये लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू झाली. एक लाखाखालील शहरांत बाजार, रस्ते, गाळे, कामगार वसाहती उभाराव्यात आणि महानगरांकडे जाणारा लोंढा तेथेच थोपवावा, हा तिचा हेतू होता. हेतू योग्य होता, पैसा तुटपुंजा होता. २००५ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि २०१५ मध्ये शंभर निवडक शहरांना ‘स्मार्ट’ करण्याची मोहीम निघाली. महाराष्ट्रातून त्यात पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर अशी मोठीच शहरे गेली. ज्यांच्याजवळ आहे त्यांना अधिक, हे बाजाराचे तत्त्व नियोजनाने स्वीकारले.

यावर एक आक्षेप डाव्या विचाराच्या कार्यकर्त्यांतूनच येतो आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. तालुक्याचे गाव म्हणजे आडते, सावकार, कंत्राटदार आणि कचेरीतले दलाल यांचा अड्डा. खेड्याला लुटण्याचे ते पहिले ठाणे. त्याला बळ देणे म्हणजे शोषकाला बळ देणे, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. बाजारपेठेचे गाव खेड्याच्या घामावर मोठे झाले, हा इतिहास आहे. परंतु याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. बाजार समितीचा कायदा, हमाल-मापाड्यांच्या संघटना, डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात उभी केलेली हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कायदा ही सारी बाजारातल्याच संघर्षाची फळे आहेत. शोषण जेथे दिसते तेथेच त्याला अडविता येते. खेड्यातला शेतमजूर एकेकटा असतो. बाजाराच्या गावात तो इतरांना भेटतो, संघटित होतो, कचेरीवर मोर्चा नेतो. लहान शहर टाळून खेड्याचा उद्धार करण्याचे स्वप्न रम्य असेल, पण खेड्याची वाट त्या शहरातूनच जाते.

जून २०१७ मध्ये याच तालुक्यातील पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संपाची हाक दिली. दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवावयाचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. महाराष्ट्रभर त्याचे पडसाद उमटले आणि सरकारला कर्जमाफीची घोषणा करावी लागली. या संपाने एक गोष्ट साऱ्या राज्याला शिकविली. महानगर खेड्यावर जगते, पण खेड्याला भाव ठरविता येत नाही, कारण त्याचा माल कच्च्या स्वरूपात, नाशवंत अवस्थेत, घाईने बाहेर जातो. राहात्याचा पेरू घ्या. झाडावरून उतरलेले फळ चार दिवसही थांबत नाही. सकाळी लिलावात जो भाव निघेल तो घ्यावाच लागतो. भाव पडला म्हणून माल परत नेण्याची सोय शेतकऱ्याला नाही. प्रतवारी, शीतगृह, गर काढणे, टिकाऊ पदार्थ बनविणे ही कामे जितकी शेताजवळ होतील तितका शेतकऱ्याचा हात बळकट होईल आणि तितकाच रोजगार तालुक्याच्या तरुणांना मिळेल. हे काम खेडे एकट्याने करू शकत नाही. महानगर केले तर नफा तेथेच राहील. ते तालुक्याच्या शहराचेच काम आहे. मात्र अशा सहकारी संस्थेत फळाच्या मालकाबरोबर फळ खुडणारी, निवडणारी, भरणारी स्त्रीही सभासद असली पाहिजे. पहिल्या सहकाराने जी चूक केली ती दुसऱ्याने करू नये.

पाण्याच्या बाबतीत लहान शहराची बाजू अधिकच गंभीर आहे. गोदावरीच्या कालव्यांचे वय शंभर वर्षांहून अधिक झाले. वर नाशिक वाढले, त्याची तहान वाढली. खाली जायकवाडीचा हक्क आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आणि टंचाईच्या वर्षांत वरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडले जाऊ लागले. मराठवाड्याचा हक्क नाकारणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणार नाही. परंतु या ओढाताणीत मधला राहाता-कोपरगावचा पट्टा आवर्तनाची वाट पाहत राहतो आणि महानगराच्या वाढत्या मागणीचा जाब मात्र कोणी विचारीत नाही, हेही लपविता येत नाही. दुसरीकडे केलवड, कोऱ्हाळे, डोऱ्हाळे यांसारखी जिरायत गावे निळवंड्याच्या पाण्यासाठी थांबली. १९७० मध्ये ज्याची कल्पना पुढे आली त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. सात तालुक्यांतील १८२ गावांसाठी आखलेल्या या पाण्याची वाट पाहता पाहता एक पिढी म्हातारी झाली. आता पाणी आल्यावर तेथेही उसाचीच मक्तेदारी होणार, की शेवटच्या चारीवरच्या दोन एकरवाल्याला भुसार, चारा आणि फळझाडे यांपुरते खात्रीचे पाणी मिळणार? हा निर्णय कालवा खात्याच्या कचेरीत होऊ नये. पाणीवापर संस्था, पंचायत समिती आणि नगरपालिका यांनी एकत्र बसून तो घेतला पाहिजे.

वाहतुकीची कथा बोलकी आहे. २००९ मध्ये शिर्डीला रेल्वे आली, २०१७ मध्ये काकडीच्या माळावर विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला, २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत गाडी धावू लागली. एवढ्या वेगवान साधनांनी वेढलेला दुसरा तालुका ग्रामीण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. याच काळात नगर-मनमाड रस्त्याच्या दुरवस्थेसाठी लोकांना वारंवार आंदोलने करावी लागली. भाविक नागपूरहून काही तासांत पोचतो, आणि जिरायत गावातील मुलीचे महाविद्यालयात जाणे संध्याकाळची बस आहे की नाही यावर ठरते. १ जून १९४८ रोजी राज्यातील पहिली एसटी याच जिल्ह्याच्या रस्त्यावर, नगर-पुणे मार्गावर धावली होती. गावाला तालुक्याशी जोडणारी एसटी हाच लहान शहराचा खरा महामार्ग आहे. तो तुटला तर शहर आणि खेडे दोन्ही दुबळी होतात.

डॉ. लोहियांनी ग्राम, जिल्हा, प्रांत व केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली होती. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने पंधरा ते वीस हजार लोकसंख्येच्या मंडल पंचायतीची शिफारस केली, तेव्हा तिच्यासमोरही खेडी आणि त्यांचे बाजारगाव यांना एकत्र बांधण्याचाच प्रश्न होता. शिफारस महाराष्ट्रात रुजली नाही. गाव ग्रामविकास खात्याकडे आणि शहर नगरविकास खात्याकडे, अशी सोयीची फाळणी कायम राहिली. केरळने १९९६ मध्ये जनता योजनेद्वारे राज्याच्या योजनानिधीचा तिसरा हिस्सा, किंबहुना त्याहून अधिक, स्थानिक संस्थांकडे सोपविला. तेथे सर्व काही आलबेल झाले असे नव्हे. परंतु वॉर्डातल्या सामान्य बाईने योजनेच्या रकमेवर प्रश्न विचारावा, ही सवय तेथे लागली. महाराष्ट्राला ही सवय लावण्याचे काम कोणाचे?

सरकारचे ते नव्हे. सरकार अधिकार आपण होऊन सोडीत नसते. ते पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आहे. २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले आणि जिल्हा विभाजनाच्या, मुख्यालयाच्या जुन्या वादाला नवे तोंड फुटले. श्रीरामपूर की संगमनेर की शिर्डी, यावर चहाच्या टपऱ्यांवर तावातावाने चर्चा झडतात. कार्यकर्त्यांनी या वादात शक्ती खर्च करू नये. कचेरी कोठे, यापेक्षा निर्णय कोणाचा, हा प्रश्न शतपटींनी महत्त्वाचा आहे. साऱ्या तालुक्याची एक योजना असावी. कारखाने, संस्थान आणि सरकारी खाती या तालुक्यात विकासासाठी काय खर्च करतात त्याचा हिशेब एका ठिकाणी जनतेसमोर मांडला जावा. बाजार समितीतला हमाल, तोडणीच्या हंगामात पालात राहणारी बाई, संस्थानातला कंत्राटी कामगार यांच्या घराचा, पाण्याचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न त्या योजनेच्या पहिल्या पानावर असावा, ही मागणी घेऊन वॉर्डसभा आणि ग्रामसभा जागविल्या पाहिजेत. डिसेंबरच्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. त्यांना हा प्रश्न विचारण्याची हीच वेळ आहे.

शंभर वर्षांपूर्वी या भूमीला पाणी मिळाले, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कारखाना मिळाला, पंचवीस वर्षांपूर्वी तालुका मिळाला. अजून मिळावयाची राहिली आहे ती स्वतःच्या पैशाविषयी निर्णय घेण्याची सत्ता. ती राहात्याला मिळाली तर महाराष्ट्रातील शेकडो लहान शहरांना वाट सापडेल. ती मिळाली नाही, तर महामार्ग अधिक रुंद होतील आणि त्यांवरून राहात्याची मुले पुण्या-मुंबईला निघून जातील.